उशिराचे रंग

इचलकरंजी किंवा भिवंडीतल्या एखाद्या प्रोसेस हाउसमध्ये कापडावर रंगाचा ढग उठला, की माल परत येतो. एका टोकाला गडद, दुसऱ्या टोकाला फिकट, मधेच लालसर झाक, कडेला निळसर ओघळ. असा ताका ‘पॅची’ ठरतो, रंगाऱ्याला चार शब्द ऐकावे लागतात आणि ताका पुन्हा टाकीत जातो, नाहीतर काळा होऊन बाहेर पडतो. शेड कार्डावरच्या चौकोनाशी जुळणारा, या काठापासून त्या काठापर्यंत एकसारखा रंग ही या धंद्याची अब्रू. आणि नेमका हाच दोष पदरात पडावा म्हणून काही माणसं पैसे मोजून बर्फ आणतात, त्याखाली पांढरी सुती दोरी घालतात, वरून रंगाची कोरडी पूड भुरभुरतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिकडे बघायचं नाही असं ठरवतात. ते काही पाळलं जात नाही.

ही रीत आली अमेरिकेतल्या हौशी रंगकाम करणाऱ्यांकडून. तिथे हिवाळ्यात दारात पडलेलं हिमही या कामाला लावतात. एरवी फ्रीजमधला बर्फ. टी-शर्ट, ओढण्या, गोधड्यांची कापडं यांच्यावर हे प्रयोग होत होतेच. दोरीला गाठी मारून विणायच्या मॅक्रमेची लाट पुन्हा आली, भिंतीवरच्या झालरी आणि कुंड्यांची शिंकाळी घरोघर विणली जाऊ लागली, तेव्हा त्याच त्या पांढऱ्या-बदामी दोरीला विटलेल्या हातांनी दोरीच बर्फाखाली घातली. आता पुण्या-मुंबईच्या गच्च्यांवर आणि बाल्कन्यांतही हे चालतं.

साहित्य थोडकंच लागतं. एक मोठा प्लास्टिकचा टब, त्यात टेकवायला एक जाळी, धुण्याचा सोडा, चार-सहा रंगांच्या पुड्या, बर्फ, हातमोजे आणि नाकातोंडावर मास्क. शेवटच्या दोन गोष्टी हौसेच्या नव्हेत. या रंगांची कोरडी पूड वारंवार श्वासात गेली, तर दम्यासारखा त्रास जडू शकतो, हे रंगाच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या बाबतीत दिसून आलेलं आहे. आणि टब-जाळी एकदा या कामाला लागली, की स्वयंपाकघरात तिची वाट बंद.

दोरीची लडी करायची, ती चार ठिकाणी सैल दोऱ्याने बांधायची, सोड्याच्या पाण्यात मुरवायची, निथळून जाळीवर पसरायची. तिच्यावर तीन बोटं जाडीचा बर्फाचा थर. बर्फावर चमच्याने पूड. शंभर ग्रॅम दोरीला चार-पाच ग्रॅम पूड सढळ होते. यापुढे माणसाला काम नाही.

काम नाही म्हणूनच कदाचित, बघण्यासारखं पुष्कळ आहे. सुरुवातीला पूड बर्फावर नुसती बसून राहते. मग एकेका कणाखाली ओलाव्याचा ठिपका धरतो आणि त्या ठिपक्यातून रंगाची केसाएवढी बारीक रेघ बर्फाच्या उतारावरून निघते. दोन खड्यांच्या खाचेत अशा दोन रेघा भेटतात, थबकतात, फुगतात आणि त्यांचा थेंब होऊन खालच्या दोरीवर पडतो. पडला की पसरत नाही. दोरीच्या पिळाची जी तिरपी घळ असते, तिच्यातून वाट काढत बाजूला सरकतो. शेजारच्या पेडाला त्याचा पत्ताही नसतो. दहा मिनिटांनी त्याच जागी दुसरा थेंब येतो, आणि तो पहिल्याच रंगाचा असेल असं नाही.

हा शेवटचा मुद्दा या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे. बाजारात ‘जांभळा’ म्हणून मिळणारी पूड बहुधा जांभळी नसते. ती गुलाबी आणि निळ्याची मिसळ असते. हिरव्यात पिवळा आणि निळा, तपकिरीत तीन-तीन, काळ्यात तर सगळं गणगोत. एकट्या रेणूचे शुद्ध रंग मोजकेच. बाकीचे सारे त्यांच्या मिश्रणातून. खात्री करायची, तर टिश्यू पेपर ओला करावा आणि चिमूटभर पूड दुरून त्यावर टाकावी. काळ्या पुडीतून निळे, नारिंगी, किरमिजी असे ठिपके वेगवेगळे उमटलेले दिसतात. रंगाऱ्याच्या टाकीत भरपूर पाणी असतं, ते सतत हलतं, त्यामुळे ही मिसळ मिसळच राहते. बर्फावर पाणी येतं थेंबाथेंबाने. त्यात एक घटक चटकन विरघळतो, दुसरा रेंगाळतो. एक पडल्या जागी सुताला धरतो, दुसरा दोरीतून वीतभर पुढे जाऊन थांबतो. जांभळ्याची निळी कड आणि गुलाबी पोट अशी फारकत होते.

रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी १९०३ मध्ये वॉर्सा इथल्या एका व्याख्यानात हीच किमया शास्त्राच्या भाषेत मांडली होती. पानांतला अर्क त्यांनी पूड भरलेल्या नळीतून खाली झिरपू दिला. वरवर नुसत्या हिरव्या दिसणाऱ्या त्या द्रवाचे हिरवे-पिवळे पट्टे वेगवेगळ्या उंचीवर थांबले. चालणारे सगळे एकाच वाटेने गेले, पण प्रत्येकाची चाल निराळी. शाळेत टिपकागदावर शाईचा ठिपका घेऊन खालचं टोक पाण्यात बुडवण्याचा जो प्रयोग करतात, तोही याच घराण्यातला. बर्फाखालच्या दोरीवर होतं ते हेच, फक्त बेशिस्त स्वरूपात: नळी नाही, पट्टे नाहीत, आणि चालीला वळण देणारा पीळ आहे.

बर्फ यात स्वतःचा रंग काही देत नाही. तो उशीर देतो. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते, हा शाळेत पाठ केलेला आकडा इथे कामाला येतो. टबात खडे शिल्लक आहेत तोवर त्यांना टेकलेलं पाणी शून्याच्या आसपासच घुटमळतं, बाहेर लातूरचा वैशाख का असेना. वैशाखात खडे लवकर संपतात, एवढंच. म्हणून मे महिन्यात काम करणारे टबाला गोणपाट गुंडाळतात, सावली शोधतात आणि रात्री बर्फ घालतात. खड्याच्या आकारावरही बरंच ठरतं. लादी फोडून मोठे तुकडे घातले, तर रंगाची मोठी बेटं तयार होतात आणि मधे पांढऱ्या खाड्या राहतात. गोळेवाल्याच्या रंध्यावरून निघतो तसा चुरा घातला, तर बारीक शिंतोडे येतात आणि लांबून दोरी एकाच रंगाची वाटते. ज्याला बेटं हवीत त्याने टोचा जपून मारायचा.

कापडापेक्षा दोरीवर हे काम जास्त खुलतं, याचं कारण दोरीच्या बांधणीत आहे. तीन पेडी दोरीत प्रत्येक पेड स्वतःभोवती वळलेला आणि तिन्ही पेड उलट दिशेने एकमेकांभोवती वळलेले. पेड जिथे एकमेकांना दाबतात तिथे रंग शिरायला वाव कमी. बांधणी करणारा दोऱ्याने कापड आवळून जी अडवणूक करतो, ती दोरीच्या पोटात जन्मजातच असते. रंगवून वाळलेली दोरी हातात घेऊन पीळ उलटा फिरवला, की पेड सुटे होतात आणि बाहेरून गर्द निळी दिसणारी दोरी आतून फिकट, जागोजाग तर कोरी पांढरी निघते. शिंकाळ्याच्या खाली दोरी उकलून, कंगव्याने विंचरून गोंडा करतात. तिथे हा पांढरा रंग बाहेर येतो आणि वरच्या गाठींपेक्षा गोंडा उजळ दिसतो. लडी बांधताना एखादा दोरा घट्ट बसला, तर त्याचीही पांढरी कडी उमटते. कुणी ती चूक मानतं, कुणी मुद्दाम घट्ट बांधतं.

आतला गाभा पांढरा राहणं कापडाच्या धंद्यात एका ठिकाणी मात्र सोन्याच्या मोलाचं ठरलं. डेनिमसाठी ताण्याचे तीनशे-चारशे धागे एकत्र करून त्यांचा दोर करतात आणि तो दोर निळीत बुडवून हवेत काढणं, पुन्हा बुडवणं असं करतात. प्रत्येक बुडीत निळीचा एकेक पापुद्रा बाहेरून चढतो, धाग्याचा गाभा पांढराच राहतो. जीन्स गुडघ्यावर झिजते तेव्हा तो पांढरा वर येतो. एरवी रंग कच्चा म्हणून ज्याची तक्रार झाली असती, ते जुनं दिसणं लोक जास्त पैसे देऊन घेतात.

आता खुद्द दोरी. दुकानात ‘कॉटन’ म्हणून मिळणारी प्रत्येक दोरी सुती असतेच असं नाही. काहींच्या पोटात पॉलिएस्टरचा गाभा असतो, काही सरळ मिश्र सुताच्या. विश्वास ठेवण्यापेक्षा काडी लावणं बरं. टोकाचा एक धागा काढून चिमट्यात धरायचा आणि पेटवायचा. सूत भरभर जळतं, कागद जळाल्यासारखा वास येतो, मागे बोटाने चुरडली जाणारी राखाडी राख उरते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि टोकाला कडक मणी धरतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. पॉलिएस्टरचा मात्र सुंभही जातो आणि पीळही. अशी दोरी बर्फाखाली घालण्यात अर्थ नाही. हे रंग सुताशी नातं जोडतात, पॉलिएस्टरकडे बघतही नाहीत. धुतल्यावर सगळं गटारात.

अस्सल सुती दोरीही सहजासहजी वश होत नाही. कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा आणि पेक्टिनचा पातळ थर असतो. त्यामुळे कोरी दोरी पाण्यात टाकली की तरंगते आणि थेंब अंगावरून घरंगळू देते. सोडा आणि थोडा साबण घालून तिला तासभर उकळावं लागतं. पाणी काळ्या चहाच्या रंगाचं होतं आणि ‘पांढरी शुभ्र’ म्हणून आणलेल्या दोरीत एवढा मळ होता, हे बघून नवखे चकित होतात. उकळून काढलेली दोरी पाण्यात सोडली की लगेच बुडाली पाहिजे. ती तिची परीक्षा.

सोड्याच्या बाबतीत घोळ ठरलेला. खायचा सोडा चालत नाही, तो फार सौम्य. लागतो तो धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. त्यातही दोन प्रकार: सोडा ॲश ही कोरडी भुकटी आणि स्फटिकांचा सोडा. स्फटिकाच्या प्रत्येक रेणूला पाण्याचे दहा रेणू चिकटलेले असतात, त्यामुळे १०६ ग्रॅम सोडा ॲशचं काम करायला स्फटिक २८६ ग्रॅम घ्यावे लागतात. लिटरला ५०-६० ग्रॅम सोडा ॲश हे प्रमाण कुठूनतरी कळलं आणि त्या मापाने स्फटिक घातले, की रंग फिकट का आला याची चर्चा चार दिवस पुरते. कापड अर्ध्या तासात मुरतं. दोरीला त्याहून जास्त वेळ द्यावा, कारण सोडा गाभ्यापर्यंत पोचायला तिचा पीळ आड येतो.

मुंबईत मशीद बंदरच्या वडगादीत रंग-रसायनांच्या दुकानात जाऊन सुतासाठी रंग मागितला, तर गल्ल्यावरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, “ताई, कोल्ड की हॉट?” सुताशी बंध जोडणाऱ्या रिॲक्टिव्ह रंगांत या दोन जाती. हॉट ब्रँडला उकळत्याच्या जवळ जाणारं पाणी लागतं. कोल्ड ब्रँड घरातल्या तापमानावर लागतो. बर्फासाठी मागायचा तो कोल्ड. रेड एम५बी, यलो एम४जी, ब्लू एमआर अशी त्यांची आगगाडीच्या डब्यांवर शोभतील अशी नावं. अमेरिकेत हेच कुळ प्रोसिऑन एमएक्स म्हणून ओळखलं जातं.

या कुळाचा जन्म मँचेस्टरचा. इयन रॅटी आणि विल्यम स्टीफन हे आयसीआय कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ १९५४च्या सुमारास वेगळ्याच कामात होते. त्यांच्या लक्षात आलं, की ठरावीक प्रकारचा रंग सोड्याच्या संगतीत सुतातल्या सेल्युलोजशी थेट रासायनिक बंध जोडतो. तोवरचे बहुतेक सुती रंग तंतूत अडकून बसलेले किंवा आत जाऊन न विरघळणारे झालेले असत. हा रंग तंतूचा भागच होऊन बसला. १९५६ मध्ये पिवळा, लाल आणि निळा असे तीन रंग बाजारात आले. क्विनाइन बनवायला गेलेल्या अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनच्या हाती चुकून जांभळा मॉव्ह रंग लागल्याला त्या वर्षी बरोबर १०० वर्षं झाली होती.

गंमत अशी, की कोल्ड ब्रँडला इतकी थंडी मुळीच आवडत नाही. त्याला २५ ते ४० अंशांची ऊब हवी असते. शून्याजवळ त्याची क्रिया फार सावकाश चालते. मग बर्फ का? एक तर मघाचीच फारकत. दुसरं असं, की सोड्याच्या पाण्यात हा रंग सुताशी बंध जोडतो तसाच पाण्याशीही जोडून वाया जातो. एकदा पाण्याशी जुळला, की सुताला नकोसा. थंडीत ही नासाडी मंदावते, आणि रंगाला दोरीच्या घळींतून हिंडायला अवकाश मिळतो. पक्कं होण्याचं बरंचसं काम बर्फ संपल्यावर, टबातलं पाणी खोलीच्या तापमानाला आल्यावर घडतं. म्हणून बर्फ वितळला की लगेच धुवायला धावू नये. रंगांतही स्वभावभेद आहेत. गुलाबी-लाल थंडीतही चटकन धरतात, म्हणून ते पडल्या जागी ठसठशीत दिसतात. फिरोजीचा रेणू मोठा, तांब्याच्या अणूभोवती उभारलेला, तो आळशी. त्याला शेवटी उन्हात ठेवून ऊब द्यावी लागते. थंडीत तसाच धुतला, तर फिरोजी समुद्र बादलीतून मोरीत जातो आणि दोरीवर उरतो आकाशाचा एक पुसटसा तुकडा.

रंगशाळेत बर्फ येण्याचा प्रघात मात्र या हौशी मंडळींच्या फार आधीचा. इंग्लंडमध्ये हडर्सफील्डच्या रीड हॉलिडे कंपनीने १८८० मध्ये लाल रंग सुताच्या आतच तयार करण्याची युक्ती काढली. पुढे जर्मनीत १९१२ मध्ये नॅफ्थॉल एएस हे रसायन आलं आणि या रंगांचा प्रसार झाला. भारतातल्या हातमागांवर आणि बाटिकमध्येही नॅफ्थॉलचे लाल, मरून, नारिंगी खूप चालले. आधी सूत एका द्रावणात भिजवायचं, मग दुसऱ्यात बुडवायचं. दोघांची गाठ पडली की तिथल्या तिथे रंग. पण दुसरं द्रावण फार नाजूक. पाच अंशांच्या वर गेलं की कुजू लागतं. म्हणून टाकीत बर्फाचे तुकडे सोडत, आणि या रंगांना व्यापारात आइस कलर हेच नाव पडलं होतं. तिथल्या बर्फाची कामगिरी उलटी होती: रंग सगळीकडे सारखा यावा, मधेच बिघडू नये, यासाठी पहारा देणं.

शिवाय बर्फ स्वतः मुंबईला एकेकाळी बोस्टनहून येत असे. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने १८३३च्या मे महिन्यात ‘टस्कनी’ जहाजावर सुमारे १८० टन तळ्याचा बर्फ चढवून कोलकात्याला धाडला. चार महिन्यांनी जहाज पोचलं तेव्हा त्यातला शंभरएक टन शिल्लक होता. लाकडाच्या भुशाने ही करामत केली. लौकरच मुंबईलाही हा बर्फ येऊ लागला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, तेव्हा वर्तमानपत्राने त्यांना कानपिचक्या दिल्या, असा किस्सा सांगतात. बर्फाच्या लादीवर भुसा टाकायची पद्धत अजून चालू आहे, आणि दोरी रंगवणाऱ्यांना तिची धास्ती असते. भुशाचा एकेक कण दोरीवर बसून आपल्यापुरती जागा कोरी ठेवतो. लादी आधी नळाखाली धुवून घ्यावी.

लादीचा रंगही तपासावा. २०१८ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने ठरवलं, की मासळी वगैरे टिकवण्यासाठी लागणारा अखाद्य बर्फ निळसर करायचा, म्हणजे तो गोळ्यात आणि सरबतात जाणार नाही. त्यासाठी इंडिगो कार्माइन किंवा ब्रिलियंट ब्लू, दहा लाख भागांत १० भागांपर्यंत. किलोभर बर्फात १० मिलिग्रॅम. त्यामुळे कारखान्याची स्वस्त लादी आणली, तर रंग टाकण्यापूर्वीच ती आकाशी असू शकते. नवख्यांचा जीव खाली-वर होतो. पण हे दोन्ही खाद्यरंग सुताशी बंध जोडणाऱ्यांतले नव्हेत. गरम साबणपाण्यात निघून जातात. पिवळ्या दोरीवर हिरवट सावली दिसली, तर ती बहुधा पुड्यांच्या मिसळीचीच.

दोरी रंगवण्याचा महाराष्ट्राचा स्वतःचा रिवाज जुना आहे, आणि तो बैलांच्या अंगावर बघायला मिळतो. पोळ्याच्या किंवा बेंदराच्या आठवड्यात बाजारपेठेत म्होरक्या, वेसणी, कासरे, कंडे, गोंडे यांचे ढीग लागतात: गुलाबी, हिरवे, केशरी, डोळ्यांत भरणारे, आणि एकजात सारख्या रंगाचे. जोडीतल्या दोन्ही बैलांचे गोंडे सारखे नसतील, तर शेतकरी घेणार नाही. या दोरांमागे पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाचे हात राबले. घायपात कुजवून, धोपटून वाख काढायचा, तो वळून सोल, दावी, चऱ्हाटं करून गावाला पुरवायची आणि बलुत्यात सुगीला धान्य घ्यायचं. मोटेच्या नाड्यापासून गाईच्या दाव्यापर्यंत गावाचा गाडा त्या पिळावर चालायचा; दोर वळणाऱ्याला मात्र गावात मान नव्हता. मोट गेली, बैल कमी झाले, नायलॉन आणि प्लास्टिकचे दोर आले. आज शहरातल्या दिवाणखान्यात सुती दोरीचं शिंकाळं ‘हस्तकला’ म्हणून चांगल्या किमतीला जातं, तेव्हा वळणाऱ्याचा त्यात वाटा नसतो. दोरी यंत्रावर वळलेली असते आणि पैसे गाठी मारणाऱ्याला मिळतात.

गाठींची हौस इथे नवी नाही. ऐंशीच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत मॅक्रमेचे क्लास जोरात होते. नायलॉनच्या चकचकीत दोरीची घुबडं, झोपाळे आणि कुंड्यांची शिंकाळी त्या काळात पुष्कळ भिंतींनी पाहिली. ती दोरी रंगीत यायची, सारखी यायची, आणि रंग जायचा नाही. सुती दोरीचं उलटं आहे. धुलाई नीट झाली नाही, तर ती पुढे त्रास देते.

धुलाई हा या कामातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा टप्पा. आधी थंड पाण्याने, सोडा आणि सुटा रंग जाईपर्यंत. मग कढत पाण्यात साबण घालून, पाणी निवळेपर्यंत. कापड चार पाण्यांत निवळतं, जाड दोरीला त्याच्या दुप्पट लागतात, कारण पाण्याशी जुळून निकामी झालेला रंग पिळाच्या पोटात लपून बसतो आणि हाताने पिळल्यावरही पूर्ण सुटत नाही. कोमट पाण्यात रात्रभर भिजत ठेवली तर सकाळी पाणी पुन्हा गुलाबी. हे सगळं का करायचं, तर शिंकाळ्यातल्या कुंडीला रोज पाणी पडणार आहे. अर्धवट धुतलेली दोरी आधी चुन्याच्या भिंतीवर आणि मग सोसायटीच्या बैठकीत आपली हजेरी लावते. वाया जाणारा रंगही थोडाथोडका नसतो. रिॲक्टिव्ह रंगाचा बराच वाटा सुताला न धरता पाण्यात जातो. घरच्या बादलीत तो नगण्य वाटतो. प्रोसेस हाउसांच्या गावी त्याच सांडपाण्यावरून नदीकाठी आंदोलनं होतात, हे पंचगंगेच्या खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. काटकसरी मंडळी जाळीखाली, टबाच्या तळाशी आणखी एक लडी ठेवतात. वरून उतरलेलं सगळ्या रंगांचं पाणी तिला मिळतं आणि ती ऊदी, राखी किंवा मोरपंखी निघते, कधी वरच्या दोरीपेक्षा देखणी.

मग येतो विणणाऱ्यांचा कायमचा वाद: आधी कापायची की आधी रंगवायची? अख्खी लडी रंगवली, तर टोकं उसवत नाहीत, धुणं सोपं जातं. पण कापल्यावर कोणता तुकडा कुठे होता याचा पत्ता राहत नाही. आधी कापून, तुकडे शेजारी शेजारी लावून बर्फ घातला, तर सगळ्यांच्या मध्यावर एकच निळा पट्टा आणता येतो. फक्त धुताना टोकांचे फराटे होतात, म्हणून प्रत्येक टोकाला गाठ मारावी लागते. त्यानंतरही हिशेब चुकतो, कारण गाठ रंग खाते. स्क्वेअर नॉटमध्ये चार दोऱ्या असतात. मधल्या दोन सरळ खाली जातात आणि झाकल्या जातात. बाहेरच्या दोन त्यांच्याभोवती फिरतात, दिसतात त्या याच, आणि तयार लांबीच्या साधारण चौपट लागतात. म्हणजे बाहेरच्या दोरीवरचा वीतभर जांभळा पट्टा विणीत तीन बोटांत आटोपतो. जाणत्या विणकर बाया म्हणून दोऱ्या वाळल्यावर जमिनीवर पसरतात आणि कोरड्या, फिक्या, कंटाळवाण्या दोऱ्या मधल्या जागी लावतात. ठसठशीत रंगाच्या बाहेर. हे ठरवायला विणायला लागतो तितकाच वेळ जातो.

आणि ते ठरवून, विणून, गोंडा विंचरून झाला, शिंकाळं गिऱ्हाइकाच्या घरी पोचलं, की फोन येतो, “अगदी अस्संच अजून एक हवं होतं हो.” तसं दुसरं होत नाही, हे समजावण्यात फार जणींनी फार संध्याकाळी घालवल्या आहेत. आता त्या ऑर्डर घेतानाच विचारतात, “काकू, एक हवंय की जोडी?” जोडी असेल तर दोन्हींची दोरी एकाच टबात, एकाच लादीच्या तुकड्यांखाली जाते. तरीही टबाच्या भिंतीकडची दोरी मधल्या दोरीहून थोडी निराळी निघतेच, आणि दोहोंपैकी खिडकीच्या डावीकडे कोणतं टांगायचं, यावर काकूंच्या घरात दोन तट पडतात.